स्पॉन्सरशिप देणाऱ्या हॉस्पिटलांची यादी आहे का कुणाकडे? (भूलतज्ज्ञ, इंदूर)

निद्रादेवी | ११ जानेवारी, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी एमडी अ‍ॅनेस्थेशिया, वय ३९, मुक्काम इंदूर. दहा वर्षं फ्रीलान्स करतेय. सकाळी साडेसहाला स्कूटरच्या डिकीत लॅरिंगोस्कोप, तीन ब्लेडं, बूजी आणि औषधांचा डबा टाकून निघायचं. अन्नपूर्णा रोडला सिझेरियन, तिथून पलासियाला गॉलब्लॅडर, दुपारी सुदामानगरात हर्निया. केसमागे पैसे. काही सर्जन हात धुता धुता पाकीट देतात, काहींना दिवाळीला आठवण करावी लागते. तक्रार नाही, पण रात्री दोनला फोन आला की आता पाय उचलत नाहीत. नवऱ्याचं काम घरून चालतं, मुलगा तिसरीत. जायचं तर आत्ताच, असं ठरवलं.

पाच महिन्यांत ७१ अर्ज केले. ब्रिटन, आयर्लंड, दुबई, दोन-चार ऑस्ट्रेलिया. प्रत्येक फॉर्मवर तोच प्रश्न: व्हिसा स्पॉन्सरशिप लागेल का? मी इमानदारीत 'हो' म्हणते आणि नकार येतो. सगळ्यात वेगवान नकार ११ मिनिटांत आला, गॅसवरचे पोहेसुद्धा उतरले नव्हते.

स्पॉन्सरशिप देणारी हॉस्पिटलं नेमकी कुठली, कुणाकडे यादी आहे का? विजयनगरातली एक कन्सल्टन्सी म्हणते की अडीच लाखात 'गॅरंटेड' स्पॉन्सरशिप लेटर देऊ. देऊन टाकावेत का?

---

ग्वाल्हेरवाली | १२ जानेवारी, सकाळी ७:१०

नका देऊ. नका देऊ. नका देऊ.

सविस्तर संध्याकाळी लिहिते, आत्ता डबे भरायचे आहेत. तोवर पाकीट उघडू नका.

---

कावेरी_लीड्स | १२ जानेवारी, दुपारी ३:२५

निद्रादेवी, आयडी झकास. मीही त्याच धंद्यातली, इंग्लंडात सात वर्षं झाली.

आधी एक गैरसमज काढते. तुझे अर्ज स्पॉन्सरशिपमुळे पडत नाहीयेत. एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) बहुतेक ट्रस्टकडे, म्हणजे हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थांकडे, स्पॉन्सर लायसन्स असतंच. जाहिरातीत खाली एक ठरीव परिच्छेदही असतो, स्पॉन्सरशिप लागणाऱ्यांच्या अर्जांचं स्वागत आहे म्हणून. त्यामुळे यादी करायची तर जवळपास सगळ्या ट्रस्टची होईल आणि तिचा काही उपयोग नाही. त्या फॉर्मवर आणखी एक प्रश्न असतो: जीएमसीचं (इथल्या मेडिकल कौन्सिलचं) रजिस्ट्रेशन आणि लायसन्स आहे का? तिथे 'नाही' लिहिलं की अर्ज माणसापर्यंत पोचतच नाही. ११ मिनिटांत तुला नकार दिला तो त्या प्रश्नानं.

ओटीच्या रोस्टरवर ज्याचं नाव चढवता येतं त्यालाच हॉस्पिटल स्पॉन्सर करतं. आधी रजिस्ट्रेशन, मग नोकरी, मग सीओएस (सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप), मग व्हिसा. तू शेवटाकडून सुरुवात केली आहेस.

आपल्या विषयात जीएमसीचे तीन दरवाजे. एक प्लॅब, बाहेरच्या डॉक्टरांसाठीची परीक्षा. हा एमबीबीएसच्या पातळीचा, आणि प्लॅब करून नोकरी शोधत बसलेली तरुण पोरं इथे आधीच ढिगानं आहेत. दुसरा, ईडीएआयसी, म्हणजे युरोपियन डिप्लोमा. त्याचे दोन्ही भाग झाले की जीएमसी ते मान्य पोस्टग्रॅज्युएट क्वालिफिकेशन धरते आणि प्लॅब लागत नाही. पार्ट वन लेखी, दोन पेपर, प्रत्येकी ६० प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला पाच खरं-खोटं. पार्ट टूला तोंडी. फिजिओलॉजीची धूळ झटकावी लागेल, पण एमडीवालीला अशक्य नाही. तिसरा एमटीआय (मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह): इथलं हॉस्पिटल आणि रॉयल कॉलेज मिळून बोलावतात, जास्तीत जास्त २४ महिने, मग परत जायचं. त्याचा व्हिसा वेगळा आणि स्पॉन्सर अ‍ॅकॅडमी ऑफ मेडिकल रॉयल कॉलेजेस. घर विकून येणाऱ्यांसाठी नाही हा, शिकून परतणाऱ्यांसाठी आहे.

इंग्रजीला आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक एकूण ७.५ आणि चारही भागांत किमान ७, किंवा ओईटीला चारही 'बी'. आपल्याकडच्या डॉक्टरांना ओईटी सोपी जाते, कारण पत्र पेशंटबद्दलच लिहायचं असतं. लायब्ररीच्या फायद्या-तोट्यांवर निबंध नाही.

आणि पद कन्सल्टंटचं मिळणार नाही हे मनाशी पक्कं कर. त्यासाठी स्पेशालिस्ट रजिस्टर लागतं, ते म्हणजे इथलं ट्रेनिंग किंवा पोर्टफोलिओ पाथवे (पूर्वीचा सीईएसआर). सुरुवात क्लिनिकल फेलो किंवा स्पेशालिटी डॉक्टर. पस्तिशीतला मुलगा तुझा कन्सल्टंट असेल आणि तू त्याला विचारून इन्ट्यूबेट करशील. पहिले सहा महिने मला हे फार जड गेलं.

आता मुख्य प्रश्न. दहा वर्षांच्या अनुभवाचा कागद काय आहे तुझ्याकडे?

---

तोपखाना | १२ जानेवारी, संध्याकाळी ५:४०

जरूर जा. इथे इंदूरहून तासभर बाहेर गेलं की रात्री सिझेरियनला भूल द्यायला माणूस मिळत नाही. तुम्ही सगळे लीड्सला जाऊन पस्तिशीच्या पोरांना विचारून नळ्या घाला.

(वय ७१, निवृत्त सर्जन. राग मानू नये.)

---

बर्फातला_इंदौरी | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:०५

तोपखाना काका, राग नाही, पण रात्री दोनला बोलावून दिवाळीत पैसे देणारेही सर्जनच ना?

निद्रादेवी, अमेरिकेबद्दल थोडक्यात, कारण तुझ्यासाठी तो रस्ता लांबचा आहे. बाहेरची एमडी इथे बहुतेक ठिकाणी चालत नाही, रेसिडेन्सी (इथलं स्पेशालिस्ट ट्रेनिंग) पुन्हा करावी लागते. यूएसएमएलई (इथली परवाना परीक्षा), ईसीएफएमजीचं (बाहेरच्या डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट, मार्च महिन्यातला मॅच (रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप). बाहेरून शिकून आलेल्या भूलतज्ज्ञाला विद्यापीठाच्या विभागात राहून बोर्डाच्या सर्टिफिकेटपर्यंत जायची एक वाट आहे, पण अरुंद.

रेसिडेन्सी मिळाली तरी व्हिसाचा पेच सुटत नाही. बहुतेकांना जे-१ (ट्रेनिंगचा व्हिसा) मिळतो आणि त्याचा स्पॉन्सर ईसीएफएमजी असते, हॉस्पिटल नाही. त्याला अट चिकटलेली: ट्रेनिंग संपलं की दोन वर्षं मायदेशी. सूट हवी तर कॉनरॅड ३० ही योजना. दर राज्याला वर्षाला ३० जागा, डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम. पूर्वी 'भारत सरकारकडून नोरी घेऊ, परत यायचं बंधन नाही असं लिहून घेऊ' म्हणणारे लोक होते. २०११ पासून सरकारनं डॉक्टरांना ते देणं बंद केलंय, अपवाद पासष्टीपुढच्यांचा. काकांना मिळेल.

मी याच कॉनरॅडवर आलो. गावात एक हॉस्पिटल, एक चर्च, दोन पेट्रोल पंप. कढीपत्त्यासाठी चार तास गाडी. गावातली माणसं मात्र सोन्यासारखी, पहिल्या हिमवादळात शेजाऱ्यानं न सांगता माझं अंगण साफ करून ठेवलं होतं.

२१ सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या माणसासाठी नवा एच-१बी (नोकरीचा व्हिसा) अर्ज करायचा तर एक लाख डॉलरचा भार आहे. इथेच असलेल्या जे-१वाल्याचं स्टेटस बदलताना तो लागत नाही. थेट इंदूरहून बोलवायचं तर छोटं हॉस्पिटल एवढे पैसे कुठून आणणार?

---

ग्वाल्हेरवाली | १२ जानेवारी, रात्री १०:३०

हं, आता सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यानं (तो बालरोगतज्ज्ञ) अशाच एका एजंटाला दोन लाख दिले. सहा आठवड्यांनी पीडीएफ आली, 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप', लाल शिक्का, खाली सही. आम्ही पेढे वाटले हो. दाणाओळीतून आणून.

दिरांनी सहज विचारलं, हॉस्पिटल कुठलं? तर ते एक वृद्धाश्रम निघालं. वृद्धाश्रमात बालरोगतज्ज्ञ! एजंटाला विचारलं तर म्हणाला, भाभीजी, एंट्री होऊ द्या, नंतर चेंज करू.

तेव्हा जे माहीत असायला हवं होतं ते लिहून ठेवते.

ब्रिटनचा सीओएस म्हणजे शिक्क्याचं पत्र नव्हे. ती होम ऑफिसच्या सिस्टिममधली नोंद असते आणि तुम्हाला तिचा नंबर मिळतो. त्यावर काम, पगार आणि व्यवसायाचा कोड असतो. स्पेशालिस्ट डॉक्टरांचा २२१२. नंबर मिळाला की तीन महिन्यांत अर्ज करायचा. लायसन्स असलेल्या स्पॉन्सर्सचं रजिस्टर सरकारी साइटवर फुकट बघता येतं, आम्ही दोन लाख गेल्यावर बघितलं. ३१ डिसेंबर २०२४ पासून सीओएसची फी कर्मचाऱ्याकडून वसूल करायला स्पॉन्सरला बंदी आहे, आणि एनएचएसच्या भरतीत उमेदवाराकडून दमडी घ्यायची नसते. आपल्या बाजूनं म्हणाल तर परदेशी नोकरीच्या एजंटाला नोंदणी लागते. सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर नाव तपासता येतं, आणि सेवाशुल्काची मर्यादा ३० हजार अधिक जीएसटी. अडीच लाख कुठून आले मग?

पैसे परत मिळाले का, असं विचारू नका.

---

मांडवीकर | १३ जानेवारी, सकाळी ९:१५

बडोद्याहून. बहीण जर्मनीत आहे. तिथे उलटी गंमत: डॉक्टर हवे आहेत, व्हिसा अडत नाही, जीभ अडते. रोजच्या वापराची भाषा बी-टू पातळीची, आणि वर डॉक्टरांची भाषापरीक्षा, फाखश्प्राखप्रूफुंग. वीस मिनिटं पेशंटशी बोला, वीस मिनिटांत पत्र लिहा, वीस मिनिटं सीनियरला केस सांगा. त्यानंतर अप्रोबाट्सिओन, म्हणजे कायमचा परवाना. तो मिळेपर्यंत दोन वर्षांपर्यंतचा तात्पुरता परवाना मिळू शकतो. पदवी कमी पडते असं त्यांना वाटलं तर ज्ञानाची आणखी एक परीक्षा.

बहिणीला बी-टूपर्यंत सव्वा वर्ष लागलं. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी तिला बव्हेरियन बोलीत काहीतरी सांगितलं, ती मान डोलावत राहिली, ते म्हणत होते की माझी कवळी काढायची राहिली आहे. भूल देणाऱ्या बाईंनी हे लक्षात ठेवावं.

---

डेटाफ्लोग्रस्त | १३ जानेवारी, दुपारी १:००

अबू धाबी. रेडिओलॉजी. कावेरी यांचा कागदाचा प्रश्न अधोरेखित.

आखातात व्हिसा ही शेवटची आणि सगळ्यात सोपी पायरी, हॉस्पिटलचा पीआरओ (सरकारी कामं बघणारा माणूस) करून टाकतो. खरी चाळणी डेटाफ्लोची, म्हणजे कागद पडताळणाऱ्या कंपनीची. डिग्री, रजिस्ट्रेशन, गुड स्टँडिंग आणि प्रत्येक नोकरीचा दाखला ते देणाऱ्याकडे थेट विचारून पडताळतात. मी एमडीनंतर दीड वर्ष एका छोट्या नर्सिंग होममध्ये होतो. डॉक्टर वारले, मुलानं तिथे जिम काढली. डेटाफ्लोचा मेल कुणाला गेला देव जाणे. शेरा आला: पडताळणी होऊ शकली नाही. दीड वर्ष गायब! काम तर मी केलं होतं, रात्र-रात्र केलं होतं.

फ्रीलान्सवाल्यांचं तर सगळंच असं असतं. कुठल्याच हॉस्पिटलच्या पगारपत्रकावर नाव नाही, एचआर नाही, आणि नर्सिंग होमचा ईमेल बहुधा कंपाउंडरच्या फोनमध्ये.

अवांतर: यूएई अ‍ॅपोस्टिल (कागद खरा असल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का) मानत नाही. आधी राज्याचा शिक्का, मग दिल्लीत परराष्ट्र खातं, मग दूतावास. सौदी डिसेंबर २०२२ पासून अ‍ॅपोस्टिलमध्ये आलं आहे, तिथे दूतावासाची फेरी वाचते.

---

निद्रादेवी | १३ जानेवारी, रात्री ११:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. कन्सल्टन्सीला नाही म्हटलं. त्यांचे आतापर्यंत नऊ फोन आले.

कावेरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला बसले आणि कपाट उघडलं. माझ्याकडे काहीच नाही गं. हिशेब मांडला तर सात-आठ हजार केसेस होतील. त्यातल्या एकीचाही कागद माझ्या नावावर नाही. चार डायऱ्या आहेत, त्यात 'शर्मा सर, हर्निया, स्पायनल, बाकी २०००' असं लिहिलंय.

वर आणखी एक घोळ. एमबीबीएस माहेरच्या नावानं. लग्नात सासूबाईंनी तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं, हौसेनं तेच लावलं, एमडी त्या नावानं. पासपोर्टवर तिसरंच कॉम्बिनेशन. कागदोपत्री मी तीन बायका आहे.

---

खातेवही | १४ जानेवारी, सकाळी ८:०५

मी डॉक्टर नाही, सीए आहे. तिळगूळ घ्या.

ताई, तुमचा २६एएस (इन्कम टॅक्स खात्याचं टीडीएसचं वर्षाचं स्टेटमेंट) उघडा. ज्या हॉस्पिटलांनी तुम्हाला बँकेतून फी दिली त्यांनी १० टक्के टीडीएस कापला असेल. तिथे हॉस्पिटलचं नाव, तारीख, रक्कम वर्षवार आहे, आणि हा कागद सरकारचा, कुणाच्या कंपाउंडरचा नव्हे. अनुभवाचा दाखला म्हणून तो एकटा पुरणार नाही, पण पत्राच्या जोडीला लावला तर पत्राला वजन येतं. पाकिटातल्या रकमांचा विषय मी इथे काढत नाही.

नावाचं: लग्नाचं सर्टिफिकेट, एकच व्यक्ती असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट आणि राजपत्रात नावबदल. मग पासपोर्ट, मेडिकल कौन्सिल, आधार सगळीकडे एकच स्पेलिंग. हे आधी करा, बाकी सगळं याच्यावर उभं राहणार आहे.

---

कावेरी_लीड्स | १४ जानेवारी, दुपारी २:५०

सीएंना दंडवत, हे मला कधी सुचलं नसतं.

लॉगबुक (केलेल्या केसेसची नोंदवही) नव्यानं उभं करता येईल. प्रत्येक ओटीत रजिस्टर असतं, केसपुढे भूलतज्ज्ञाचं नाव किंवा सही असते. गेल्या दोन-तीन वर्षांचं तरी तिथे बसून उतरवून काढ. पेशंटचं नाव नको. वय, केस, एएसए ग्रेड (पेशंटच्या तब्येतीची श्रेणी), तंत्र, गुंतागुंत एवढंच. आणि खाली त्या सर्जनची सही.

तरीही एक कडू सल्ला. वर्षभर तरी पगारी नोकरी धर, शक्यतो जिथे डीएनबी किंवा एमडीचे विद्यार्थी आहेत तिथे. इथे अलीकडच्या कामाचे रेफरन्स मागतात, तेही हॉस्पिटलच्या ईमेलवरून. मुलाखतीत विचारतात, ऑडिट (विभागाच्या कामाची मोजून तपासणी) कुठलं केलंस? चूक झाली तेव्हा काय केलंस, कुणाला सांगितलंस? माझ्या पहिल्या मुलाखतीत बाई म्हणाल्या, चुकीच्या बाजूला ब्लॉक (तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन) दिला गेला तर? मी हुशारीनं म्हटलं, माझ्याकडून असं होत नाही. संपलं तिथेच. इथे 'प्रेप, स्टॉप, ब्लॉक' असा नियम आहे: सुई टोचायच्या क्षणी दोघांनी थांबून बाजू तपासायची. त्यांना न चुकणारी बाई नको होती, थांबणारी हवी होती.

---

जागरूक_नागरिक_५६ | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:१२

जनतेच्या कराच्या पैशातून शिकायचं आणि गोऱ्यांची सेवा करायची. धन्य.

---

बर्फातला_इंदौरी | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

दादा, बाँड भरून झालाय. पुढे बोला.

---

तोपखाना | १५ जानेवारी, पहाटे ५:३०

रात्री झोप लागली नाही.

मी ३४ वर्षं सर्जरी केली, स्वतःचं नर्सिंग होम चालवलं. तीन भूलतज्ज्ञ नियमित यायच्या. त्यातल्या एकीनं माझ्या टेबलावर थांबलेलं हृदय दोनदा परत आणलंय, एकदा तर वीज गेलेली असताना, टॉर्चच्या उजेडात. पेशंटचे नातेवाईक माझ्या पाया पडले आणि ती बॅग उचलून पुढच्या केसला गेली. डिस्चार्ज कार्डावर सुद्धा तिचं नाव आम्ही छापत नव्हतो. तिला मी कधी एका ओळीचा दाखला दिला नाही. तिनं मागितला नाही हे खरं, पण मलाही सुचलं नाही.

बेटा निद्रादेवी, तू कोण मला माहीत नाही, कदाचित माझ्याकडे आलीही असशील. ज्या ज्या सर्जनकडे काम केलंस त्यांच्याकडे जा आणि लेटरहेडवर लिहून माग: कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती, कुठल्या केसेस. लाजू नकोस. कुणी आढेवेढे घेतले तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, या गावातले निम्मे सर्जन माझ्या हाताखालून गेलेत.

ते लीड्सचं बोललो ते मागे घेत नाही. पण दाखला माग.

---

निद्रादेवी | १५ जानेवारी, सकाळी ७:४५

काका, व्यनि केलाय.

---

निद्रादेवी | १७ मे, रात्री १०:१०

धागा वर काढतेय, काहींनी व्यनिमध्ये पुढचं विचारलं होतं.

मार्चपासून एका टीचिंग हॉस्पिटलात पगारी नोकरी धरली. हातात येणारे पैसे आधीच्या साठ टक्के, पण महिन्याला स्लिप येते, त्यावर माझं नाव असतं, आणि तेही एकच. राजपत्र झालं, पासपोर्ट झाला. २६एएसमध्ये सहा हॉस्पिटलं सापडली. अकरा सर्जनकडे पत्र मागितलं, आठांनी दिलं. एक जण म्हणाले, तुम्ही गेलात तर माझ्या गुरुवारच्या केसेसचं काय? आणि मग लिहून दिलं. दोघं अजून 'पुढच्या आठवड्यात' म्हणतात.

लॉगबुक २,१४० केसेसपर्यंत आलंय. रविवारी पोहे-जिलेबी बांधून घेते आणि एकेका ओटीत रजिस्टर घेऊन बसते. सिस्टर लोक आता चहा विचारतात. एके ठिकाणी २०२२च्या रजिस्टरला वाळवी लागली होती, एप्रिल ते जून गेले.

ओईटी झाली, राइटिंगला काठावर 'बी'. ईडीएआयसी पार्ट वनचा अभ्यास सुरू आहे, आणि खरं-खोटंवाले प्रश्न माणसाचा आत्मविश्वास अगदी पद्धतशीर संपवतात. अर्ज या काळात एकही केला नाही.

कावेरी, विभागात ऑडिट सुरू केलंय: ब्लॉकच्या आधी बाजू तपासली जाते का. पहिल्या आठवड्यात २३पैकी ९. आमचे एचओडी म्हणाले, हा आकडा बाहेर सांगू नका. म्हटलं, सर, इथे नुसता आयडी असतो.

---

कावेरी_लीड्स | १८ मे, दुपारी १:३०

नऊ हा उत्तम आकडा आहे. सहा महिन्यांनी पुन्हा मोज आणि दोन्ही आकडे घेऊन मुलाखतीला बस.

---

तोपखाना | १८ मे, संध्याकाळी ४:००

त्या दोघांची नावं व्यनि कर.

---

नवा_सदस्य_८८१ | १९ मे, सकाळी १०:२२

नमस्कार, छान माहिती. माझे मिस्टर ऑर्थोपेडिक सर्जन आहेत. त्यांच्यासाठी स्पॉन्सरशिप देणाऱ्या हॉस्पिटलांची यादी कुठे मिळेल?

---

ग्वाल्हेरवाली | १९ मे, सकाळी १०:२५

ताई, धागा पहिल्यापासून वाचा. आणि तोवर पाकीट उघडू नका.